फवारणीच्या विषाचा पुरावा कोणी द्यायचा?

पोळा जवळ आला की आमच्या वर्गातली हजेरी पातळ होते. सातवी-आठवीची पोरं वावरात पाणी वाहायला जातात. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला दर टाकीला पाणी लागतं आणि विहीर किंवा नाला लांब असतो. पोरगा कॅन भरून आणतो, बाप किंवा मामा औषध ओततो, काडीने ढवळतो आणि पुन्हा पऱ्हाटीत शिरतो. गावात त्याला कोणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात. आम्ही अकोट तालुक्यातल्या उर्दू शाळेत शिकवतो. हजेरीपट पाहून आम्हाला कळतं की यंदा कपाशीवर कीड किती आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या अब्बांना अशीच फवारणी करताना विषबाधा झाली. पंपामागे मजुरी ठरलेली, म्हणून दिवसभरात पंधरा-सोळा पंप मारले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, डोळ्यापुढे धूसर झालं. मोटारसायकलवर मध्ये बसवून त्यांना आधी जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे दोन सलाईन लावल्या. रात्री तब्येत बिघडली तेव्हा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि नऊ दिवसांनी घरी आणलं. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण हात थरथरतात, नजर पहिल्यासारखी राहिली नाही, उन्हात तासभर उभं राहवत नाही. त्यांची बायको मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड घ्यायला शाळेत आली तेव्हा म्हणाली, "सर, इनकी आँख से अब बराबर दिखता नहीं. सरकार से कुछ मिलता क्या?"

आम्ही त्यांच्यासोबत एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या बाबूने कागद चाळले, सातबारा मागितला. सातबारा नव्हता. मग तो जे बोलला ते त्याने वाईट मनाने बोललं असं आम्हाला वाटत नाही. तो नियमच सांगत होता. "भाऊ, मेले असते आणि नावावर शेती असती, तर दोन लाख बसले असते. जित्या माणसासाठी यात काही नाही."

हे वाक्य घेऊन आम्ही बरेच दिवस फिरलो. विष अंगावर घेऊन काम करणाऱ्या माणसाला सरकारने मदत द्यायची की नाही, या प्रश्नावर जगात मोठे कायदे झाले आहेत, आणि ते प्रामुख्याने सैनिकांसाठी झाले. ते कसे झाले हे पाहिलं की आपल्या वऱ्हाडातल्या फवारणीवाल्याचं नेमकं कुठे अडलं आहे ते समजतं.

अमेरिकेने व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात जंगलं आणि पिकं वाळवण्यासाठी विमानांतून सात कोटी लिटरहून जास्त तणनाशक फवारलं. त्यातलं सर्वात कुप्रसिद्ध म्हणजे एजंट ऑरेंज. दोन तणनाशकांचं ते मिश्रण होतं. त्यांपैकी २,४,५-टी मध्ये डायॉक्सिन नावाचं भयंकर विष मिसळलेलं निघालं. दुसरा घटक २,४-डी आपल्या कृषी केंद्रांत तणनाशक म्हणून आजही मिळतो. युद्ध संपल्यावर परतलेले अमेरिकन सैनिक कर्करोगाने आणि इतर रोगांनी आजारी पडू लागले. सरकार त्यांना विचारत होतं की हा रोग त्या फवारणीमुळेच झाला याचा पुरावा काय? शेकडो मैल पसरलेल्या जंगलात कोणत्या दिवशी किती थेंब अंगावर पडले हे कोणता सैनिक सांगू शकणार? अखेर १९९१ साली तिथल्या संसदेने एजंट ऑरेंज कायदा केला आणि प्रश्न उलटा फिरवला. ठरलेल्या काळात तुम्ही व्हिएतनाममध्ये नोकरीवर होता आणि तुम्हाला यादीतला रोग झाला, एवढं पुरे. तो रोग नोकरीमुळेच झाला असं सरकार गृहीत धरेल.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर हेच पुन्हा घडलं. तिथल्या लष्करी तळांवर प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा, रंग, सगळं उघड्या खड्ड्यांत इंधन ओतून जाळलं जायचं. इराकमधल्या बलद तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता. त्या धुरात राहिलेले सैनिक फुप्फुसांच्या रोगांनी खंगले आणि बरीच वर्षं त्यांचे बहुतेक दावे पुराव्याअभावी फेटाळले गेले. हीथ रॉबिन्सन नावाचा सार्जंट २०२० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. त्याच्या नावाचा कायदा, ज्याला पॅक्ट कायदा म्हणतात, त्यावर १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली. वीसहून अधिक रोग 'गृहीत' यादीत आले. दोन वर्षांच्या आत या कायद्याखाली दहा लाखांहून जास्त दावे मंजूर झाले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो धूर फक्त अमेरिकन सैनिकांनी घेतला नव्हता. बलदच्या आसपासच्या इराकी वस्त्यांमधली माणसं त्याच हवेत श्वास घेत होती, त्यांच्यासाठी त्या कायद्यात एक ओळ नाही. व्हिएतनामी पीडितांनी रसायन कंपन्यांवर अमेरिकेत केलेला दावा २००५ मध्ये तिथल्या न्यायालयाने फेटाळला. म्हणजे गृहीत धरण्याचं औदार्य आपल्या माणसापुरतंच. म्हणून अमेरिकेचे गोडवे गाण्याची आम्हाला गरज वाटत नाही. कायद्यातली युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे.

आपल्या सैनिकांचंही थोडं सांगायला हवं, कारण विषारी रसायनांशी हिंदुस्थानी शिपायाची ओळख जुनी आहे. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तेव्हा समोर लाहोर डिव्हिजनचे शिपाई होते. जमादार मीर दस्त यांनी वायूने गुदमरलेल्या अवस्थेत आपल्या तुकडीची माणसं सावरली आणि जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि वायूचा त्रासही सोबत राहिला. पुढे १९३० च्या दशकात आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रावळपिंडीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदुस्थानी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदुस्थानी कातडीवर वायूचा परिणाम गोऱ्या कातडीपेक्षा वेगळा होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्या शिपायांचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा कोणी केला नाही. २००७ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्राने कागद बाहेर काढले तेव्हा हे जगाला कळलं.

स्वतंत्र भारतात सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी नियम आहेत, आणि त्यांच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आहे. धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार, २ जुलै २०१३. हा सिग्नल कोअरचा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये फिट्स येतात म्हणून घरी पाठवला गेला. निवृत्तिवेतन नाकारताना कारण दिलं की आजार अंगभूत आहे, नोकरीमुळे नाही. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून घेतलं, तेव्हा आजाराची नोंद केली नाही. म्हणजे माणूस धडधाकट होता असं धरायचं. आजार नोकरीशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, शिपायावर नाही. शंका असेल तर फायदा शिपायाला. २०२३ मध्ये संरक्षण खात्याने नवे नियम आणले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर आक्षेप घेतले, तो वाद वेगळा. पण तत्त्व देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने मान्य केलेलं आहे. अर्थात शिपायाकडे दोन गोष्टी असतात ज्या फवारणीवाल्याकडे नसतात. एक, भरतीच्या दिवशीची वैद्यकीय तपासणी. दोन, तो कुठे आणि कधी होता याची सरकारी नोंद. आमच्या विद्यार्थ्याचे अब्बा कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी होते याची नोंद फक्त त्यांच्या बायकोच्या डोक्यात आहे.

आता २०१७ आठवू. त्या पावसाळ्यात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. बीटी बियाण्याला गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली होती, त्यात पांढरी माशी आणि तुडतुडे. शेतकरी घाबरला, कृषी केंद्रवाल्याने सांगितलं तसं दोन-तीन औषधं एकत्र करून मारू लागला. हाताने दांडा मारायच्या पंपाऐवजी बॅटरीचे पंप आले होते, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. डोक्याएवढ्या झाडांत तोच फवारा तोंडावर येतो, घामाने भिजलेल्या सदऱ्यातून अंगात मुरतो. जुलैपासून यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात माणसं येऊ लागली, आणि बातमी व्हायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो भरती झाले, कित्येकांची नजर काही दिवस गेली. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातूनही विषबाधेच्या आणि मृत्यूच्या बातम्या आल्या.

सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत पाच कीडनाशकांच्या विक्रीवर काही काळापुरती बंदी घातली, त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि डायफेन्थियुरॉन होते. काही काळापुरतीच, कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्याच्या हातात एवढंच दिलं आहे. ६० दिवसांची बंदी राज्य घालू शकतं, कायमची बंदी दिल्लीहून. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश केंद्राने २०२३ मध्ये काढला. याच औषधाने २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजन खाल्लेली २३ मुलं मेली होती. शाळेत खिचडीची चव आधी शिक्षकाने घ्यायची हा नियम आम्ही पाळतो तेव्हा ती मुलं आठवतात.

यवतमाळचं प्रकरण स्वित्झर्लंडपर्यंत गेलं. २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांच्या वतीने बासेल इथे सिंजेंटा कंपनीवर दावा झाला. 'पोलो' या औषधामुळे विषबाधा झाली असं त्यांचं म्हणणं आहे आणि कंपनीने ते नाकारलं आहे. निकाल काय लागायचा तो लागो. पण विदर्भातल्या बाईला न्याय मागायला बासेल गाठावं लागलं, म्हणजे यवतमाळ आणि मुंबईत तिला दार सापडलं नाही, एवढं तर मान्य करावंच लागेल.

आज कोणती दारं आहेत? सर्वांना ठाऊक असलेली एक आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना. आधी ती विमा कंपन्यांमार्फत चालायची, २०२३ पासून सरकार स्वतः सानुग्रह अनुदान देतं. अपघाती मृत्यूला दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण. फवारणीची विषबाधा या योजनेत स्पष्ट लिहिलेली आहे, ही चांगली गोष्ट. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत.

पण फवारणी करतो कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो पुष्कळदा बांधावर उभा असतो. पंप असतो मजुराच्या पाठीवर. आपल्या बाळापूर, पातूर, अकोट, अंजनगाव, अचलपूर भागातल्या मुस्लिम घरांत जमीनवाले आहेतच. पण रोजमजुरीवर जाणारे, सालदारकी करणारे आणि मक्त्याने वावर करणारे किती आहेत हे जुम्याच्या नमाजाला आजूबाजूला पाहिलं तरी कळेल. मक्त्याचा व्यवहार तोंडी. सातबारा मालकाच्या नावाचा. मक्तेदार मेला तर योजनेच्या नजरेत तो शेतकरी नव्हताच.

मजुरासाठी कायदा नाही असंही नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशक फवारणारा मजूर वेगळा नोंदवलेला होता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. पण त्या कायद्याचा पाया असा की भरपाई मालकाने द्यायची. कारखान्यात ठीक आहे. वावरात मालक म्हणजे पाच एकरवाला, बँकेचं आणि सावकाराचं देणं असलेला, मजुराच्याच मोहल्ल्यातला किंवा शेजारच्या आळीतला माणूस. त्याच्यावर दावा लावायचा म्हणजे उद्याची मजुरी बंद आणि वर्षांचे संबंध तुटले. म्हणून कोणी दावा लावत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या अम्मीनेही पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, "मालक का नाम मत लेना सर, उन्होंने दवाखाने में पैसे दिए थे."

आता कागदांकडे येऊ. मृत्यू फवारणीने झाला हे दाखवायला प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि बऱ्याचदा व्हिसेरा अहवाल लागतो. व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, तिथून यायला वेळ लागतो. आणि तो आला तरी काय सांगतो? पोटात किंवा रक्तात विष होतं. ते नाकातोंडातून, कातडीतून गेलं की बाटलीतून, हे ठरतं पंचनाम्यावरून आणि जबाबांवरून. आत्महत्या असेल तर अपघात योजनेतून काही मिळत नाही. आपल्या विदर्भात कीटकनाशकाने मेलेल्या माणसाकडे पोलीस आधी त्याच नजरेने पाहतात, कारण तशा मृत्यूंची रांग लागलेली आहे. म्हणजे विधवेने आधी सिद्ध करायचं की नवऱ्याने विष प्यालं नाही, मग सिद्ध करायचं की तो फवारतच होता, आणि मग सिद्ध करायचं की तो शेतकरी होता.

इथे आपल्या घरांतलं एक दुखणं आहे, ते आपणच बोललं पाहिजे. मय्यत लवकर दफन करायची आपली रीत आहे. शवविच्छेदन म्हटलं की घरातली माणसं हात जोडतात, 'चीरफाड मत करो'. त्यातून खुदकुशीचा शब्द कोणाच्या तोंडी येऊ नये म्हणून पोलीसही नको असतात. खासगी दवाखान्यातून मृतदेह थेट घरी आणला जातो, असरनंतर दफन होतं, आणि त्या कबरीसोबत दाव्याचे सगळे कागदही जातात. आम्ही हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. अशा घरात बसून आम्हीही तेच म्हटलं असतं. पण कायद्याची गरज असेल तिथे अनेक उलेमांनी शवविच्छेदनाला परवानगी मानलेली आहे. आपल्या गावच्या मौलानांना हंगामाच्या आधीच विचारून घ्या, जुम्याच्या बयानात दोन वाक्यं आली तरी फरक पडेल. सकाळी लवकर शवविच्छेदन करून घ्या अशी विनंती डॉक्टरांना करता येते, मगरिबच्या आत दफनही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट, पैशाची. बैतुलमालमधून, मोहल्ल्याच्या वर्गणीतून आपण पेशंटला खासगी दवाखान्यात नेतो. हे पुण्याचंच काम. पण छोट्या खासगी दवाखान्यात पुष्कळदा पोलिसांना कळवण्याची नोंद, जिला एमएलसी म्हणतात, होतच नाही. सलाईन लागते, बिल होतं, कागदावर 'उलट्या, चक्कर' लिहिलं जातं. सरकारी दवाखान्यात निदान नोंद होते. अकोल्याचं सर्वोपचार असो, अमरावतीचं इर्विन असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य 'फवारणी करत होते' हे सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. औषधाची बाटली किंवा पाकीट पिशवीत गुंडाळून सोबत न्या. याचा फायदा आधी जिवाला आहे, दाव्याला नंतर. बाटलीवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. औषध फॉस्फरस गटातलं असेल तर ॲट्रोपिन आणि पाम नावाची इंजेक्शनं असतात. काही नव्या औषधांवर मात्र नेमका उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करतात. डॉक्टरला बाटली दिसली तर अंदाजाने चालावं लागत नाही. लाळ सुटणं, डोळ्यांतून पाणी, बाहुली बारीक होणं, हातपाय फडफडणं ही लक्षणं दिसली की सकाळची वाट पाहू नका. कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि निघा.

एक दार आणखी आहे, छोटं आहे पण सातबारा मागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. खातं जवळपास सगळ्यांचं आहे, फॉर्म भरलेला नसतो. पालकसभेत आम्ही हा फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली आहे. पण याही योजनेत नजर कमी झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला काही नाही. बाबू म्हणाला ते इथेही लागू आहे.

मग काय होऊ शकतं? उदाहरण आपल्याच देशात आहे, केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरमधून वीसेक वर्षं एंडोसल्फान फवारलं गेलं. गावांमध्ये अपंग मुलं जन्माला आली, मज्जासंस्थेचे रोग, कर्करोग. कोणत्या वर्षीच्या कोणत्या फवारणीने कोणतं मूल आजारी पडलं हे कुठलीच आई सिद्ध करू शकली नसती. सरकारने वैद्यकीय शिबिरं घेतली, ११ ग्रामपंचायतींमध्ये पीडितांची यादी केली, आणि १० जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हजारांहून अधिक पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये तीन महिन्यांत द्या असा आदेश दिला. त्यात मेलेलेच नव्हते, जिवंतही होते. अंमलबजावणीसाठी तिथल्या आयांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर बसावं लागलं हे खरं. तरी गाव आणि काळ ठरवा, आजार ओळखा आणि बाकी गृहीत धरा, ही अमेरिकेच्या कायद्यातली रीत भारतात, गरिबांसाठी, वापरली गेली आहे.

वऱ्हाडात ही रीत लावणं कासरगोडपेक्षा सोपं आहे असं आमचं मत आहे. इथे हंगाम ठरलेला आहे, जुलै ते नोव्हेंबर. पीक ठरलेलं आहे. औषधांची विक्री कृषी केंद्राच्या बिलबुकात आहे. कीटकनाशक कायद्याचं २६ वं कलम राज्य सरकारला विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार देतं, मग त्यात खासगी दवाखानेही घ्यावेत. ग्रामपंचायतीने हंगामाच्या सुरुवातीला गावातल्या फवारणी करणाऱ्यांची यादी करावी, ग्रामीण रुग्णालयाने त्यांची साधी तपासणी करून कागद द्यावा. शिपायाची भरती होताना होते तशीच ही नोंद. मग त्या यादीतला माणूस हंगामात विषबाधेच्या लक्षणांनी दवाखान्यात आला, तर तो फवारणीनेच आला असं धरावं, सातबारा असो वा नसो. उलट काही म्हणायचं असेल तर ते खात्याने सिद्ध करावं. पैसा पाच एकरवाल्याच्या खिशातून नको. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर थोडा अधिभार लावून निधी करता येईल. १९६८ चा कायदा बदलायला २००८ मध्ये एक विधेयक आलं, मार्च २०२० मध्ये राज्यसभेत दुसरं मांडलं गेलं. दोन्ही वेळा चर्चा झाली ती कंपन्यांच्या नोंदणीची, दरांची, भेसळीची. पंपवाल्याच्या थरथरत्या हाताचं काय, हा प्रश्न आमदार-खासदारांना मतं मागायला येतील तेव्हा विचारायला हरकत नाही. तो हिंदू-मुसलमानांचा प्रश्नही नाही. २०१७ च्या मृतांमध्ये कोलाम, दलित, मराठा, कुणबी, बंजारा असे सगळेच असतील, आणि पंपाने कोणाचं आडनाव विचारलं नसेल.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरची फाइल सध्या शाळेच्या कपाटात आहे, कारण त्यांच्या घराचं टिनाचं छत पावसात गळतं. डिस्चार्ज कार्ड आम्ही तीनदा वाचलं. कारणाच्या रकान्यात 'अज्ञात विषबाधा' आहे, फवारणी हा शब्द कुठेच नाही. भरतीच्या रात्रीचा मूळ केसपेपर मिळाला तर त्यावर काय लिहिलं आहे ते पाहता येईल, म्हणून नक्कल मागणारा अर्ज दिला आहे. सोमवारी पुन्हा बोलावलंय. अब्बांना सोबत आणा म्हणाले, सही लागेल. आता त्यांची सही पहिल्यासारखी जुळत नाही, म्हणून अंगठा चालेल का हे विचारून ठेवलं आहे.